बांध कोरणारा चुलतभाऊ आणि सारिपुत्तांचे पाच दृष्टान्त

पाणमळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथाच्या पंचक निपात या भागात आघातपटिविनय नावाची दोन सुत्तं (प्रवचनं) लागोपाठ येतात. पहिलं भगवंतांचं, म्हणजे बुद्धांचं, दुसरं त्यांचे पट्टशिष्य सारिपुत्त यांचं. कुणाबद्दल मनात डूख धरला गेला असेल तर तो काढायचा कसा, एवढाच दोन्हींचा विषय. सध्या आमच्या घरात हाच विषय चालू आहे, म्हणून दुसरं सुत्त पुन्हा पुन्हा वाचतोय. इथल्या जाणकारांशी त्यावर बोलायचंय.

आधी सुत्त. सारिपुत्त माणसांचे पाच प्रकार करतात आणि प्रत्येकाला एक दृष्टान्त देतात.

पहिला माणूस वागायला वाईट, पण बोलायला चांगला. रस्त्यातल्या चिंध्या गोळा करून आपलं चीवर (अंगावरचं वस्त्र) शिवणारा भिक्खू चिंधी दिसली की डाव्या पायानं दाबतो, उजव्या पायानं पसरतो, धड असेल तेवढा तुकडा फाडून घेतो आणि पुढे जातो. या माणसाचं वागणं त्या वेळी मनात आणायचं नाही, बोलणं आणायचं.

दुसरा उलट. तोंडाचा फटकळ, पण वागायला सरळ. उन्हानं तापलेला, तहानलेला वाटसरू शेवाळानं झाकलेल्या तळ्यात उतरतो, दोन्ही हातांनी शेवाळ बाजूला सारतो, ओंजळीनं पाणी पितो आणि वाटेला लागतो.

तिसऱ्याचं बोलणंही वाईट, वागणंही वाईट, पण अधूनमधून त्याचं मन स्वच्छ होतं. त्यासाठी दृष्टान्त आहे गाईच्या खुरानं पडलेल्या खळग्यातल्या घोटभर पाण्याचा. ओंजळ घालायला गेलं की पाणी गढूळ होणार, म्हणून वाटसरू गुडघे आणि हात टेकून, गाईसारखा वाकून, ते तोंडानं ओढून घेतो.

चौथ्याकडे यातलं काहीच नाही. तो लांबच्या वाटेवर आजारी पडलेल्या माणसासारखा आहे. मागचं गाव दूर, पुढचं गावही दूर, जेवण नाही, औषध नाही, सोबत नाही. त्याला बघून वाटावं की अरे, याला कुणीतरी गावापर्यंत पोचवो, नाहीतर हा इथंच संपेल.

पाचवा सगळ्या बाजूंनी चांगला. काठावर झाडं असलेलं नितळ, गार पाण्याचं तळं. अशा माणसाचाही आपल्याला राग येतो, हे सारिपुत्तांनी नोंदवून ठेवलंय याचं मला फार कौतुक वाटतं.

आता आमचं. गावाकडे आमची आणि चुलत्यांची जमीन लागून आहे. मधल्या बांधावरून माझ्या लहानपणी बैलगाडी जायची. आता एका माणसानं सांभाळून चालावं एवढा तो उरलाय. दर नांगरटीला चुलतभावाचा ट्रॅक्टर बांधाच्या अंगानं एक तास (नांगराचा चर) जास्त घेतो. विचारलं की भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या आईपासून सगळ्यांचा उद्धार होतो. तो वयानं मोठा, आम्ही त्याला दादा म्हणतो, आजही म्हणतो. आणि माझे वडील गेले त्या रात्री सगळ्यांच्या आधी हाच दादा आला होता. पहाटेपर्यंत ओट्यावर बसून राहिला. लाकडं त्यानं आणली, तिरडी त्यानं बांधली. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं.

मला तो तिसऱ्या प्रकारातला वाटतो, खुरातलं पाणी. आणि या दृष्टान्तातली वाकण्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मी त्याला जाऊन सांगितलं की "दादा, त्या रात्री तू किती चांगला वागलास, मग आता असं का", तर ते पाणी मीच ढवळलं असं होईल. त्याला ते टोमण्यासारखं लागेल. ती रात्र मला मुकाट्यानं आठवायची आहे, माझ्यासाठी.

माझा प्रश्न असा. एवढं करूनही बांध कोरला जातोच आहे. गावी शेती बघणारा माझा धाकटा भाऊ म्हणतो, सरकारी मोजणी आणू. आई म्हणते, सोडून द्या, आपल्याला काय कमी आहे. मैत्री भावनेत, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायच्या साधनेत, मोजणी बसते का? तुमच्यापैकी कुणी अशा माणसाबरोबर वर्षानुवर्षं राहिलं असेल तर जरूर लिहा.

रात्रपाळी

धागा आवडला. मी परिचारिका आहे, मला चौथा माणूस रोज भेटतो.

अतिदक्षता विभागाच्या दारात पहाटे तीन वाजता एक गृहस्थ माझ्यावर ओरडत होते. इंजेक्शन वेळेवर दिलं नाही, तुम्हाला पगार कशाचा मिळतो, बघून घेतो. इंजेक्शन वेळेवर दिलेलं होतं, नोंद माझ्या हातात होती. ती मी दाखवली नाही. त्यांच्या चपला वेगवेगळ्या जोडातल्या होत्या. घाईत हाताला, नव्हे पायाला, जे लागलं ते घालून आले होते. मी खुर्ची सरकवली आणि "बसा काका, पाणी देते" म्हटलं. ते बसले आणि रडायला लागले. प्रत्येक वेळी असं होत नाही. कित्येक जण खुर्ची ढकलून देतात. पण मागचं गाव दूर आणि पुढचंही दूर, हे चित्र मनात असलं की निदान माझा हात थरथरत नाही, आणि सलाइन लावणाऱ्या हाताला ते फार गरजेचं असतं.

एक मात्र सांगते. अंगावर धावून आला तर आम्ही सुरक्षारक्षक बोलावतो. त्यात मला करुणेचा भंग वाटत नाही.

पालीवाचक

पाणमळा, सुत्त नेमकं मांडलंत. पहिल्या सुत्ताबद्दल थोडी भर घालतो, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे असं मला वाटतं.

भगवंत तिथं डूख काढायचे पाच उपाय सांगतात. त्या माणसाबद्दल मैत्री करावी, करुणा करावी, उपेक्षा (म्हणजे समभाव) ठेवावी, त्याची आठवणच काढू नये, किंवा तो आपल्या कर्माचा वारस आहे हे ध्यानात आणावं. पाचही उपाय शेजारी शेजारी ठेवलेत. मैत्री जमत नसेल तर लक्ष न देणं हादेखील बुद्धांनी सांगितलेला उपाय आहे, तो काही कमीपणा नाही. भावकीच्या ग्रुपवरच्या शिव्या रोज उघडून वाचायचं बंधन धम्मात कुठंही नाही.

दुसरं, विसुद्धिमग्ग. बुद्धघोषांनी पाचव्या शतकात श्रीलंकेत हा ग्रंथ रचला. त्याच्या नवव्या परिच्छेदात, म्हणजे प्रकरणात, मैत्री भावनेचा क्रम आहे: आधी स्वतः, मग आदराचं माणूस, मग जिवलग, मग ना मित्र ना शत्रू असं कुणी, आणि सगळ्यात शेवटी वैरी. सुरुवात वैऱ्यापासून करू नये असं त्यांनी बजावलंय. आपल्याकडे बरेच जण पहिल्याच दिवशी सर्वांत त्रासदायक माणूस डोळ्यांपुढे आणतात आणि अर्ध्या तासानं दुप्पट चिडून उठतात.

वैऱ्यापाशी येऊन मन अडलं तर काय करायचं याची तिथं लांबलचक मालिका आहे. त्याचा एखादा तरी गुण आठव. गुण सापडत नसेल तर त्याच्या पुढच्या गतीची करुणा कर. बोधिसत्त्वांनी जातकांत, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या कथांत, काय काय सोसलं ते आठव. या अपार संसारात हा कधीतरी तुझी आई होता, तुला पोटात वाढवलं, तुझी शी-शू काढली, हे आठव. तरी जमेना, तर ज्याच्यावर रागावलास त्याचे घटक वेगळे करून बघ. केसांवर रागावलास का? नखांवर? हाडांवर? आणि हेही जमेना, तर त्याला काहीतरी दे, आणि त्याच्याकडून काहीतरी घे. इतक्या सूक्ष्म मानसिक उपायांनंतर शेवटचा उपाय हातानं करायचा आहे, ही गोष्ट मला फार भावते.

अवांतर: राग म्हणजे दुसऱ्याला मारायला उचललेला निखारा, आधी आपलाच हात भाजतो, हे वाक्य बुद्धवचन म्हणून सगळीकडे फिरत असतं. ते याच परिच्छेदातलं आहे, म्हणजे बुद्धघोषांचं. त्यांनी निखाऱ्याबरोबर विष्ठाही घेतली आहे. फेकणाऱ्याला आधी स्वतःलाच घाण वास येतो.

धर्मानंद कोसंबींचा उल्लेख इथं करायलाच हवा. गोव्यातल्या सांखवाळचा हा माणूस पाली शिकायला श्रीलंकेपर्यंत गेला, विसुद्धिमग्गाचं संपादन केलं, त्यावर पालीत टीका (भाष्य) लिहिली. मराठी वाचकाला हा ग्रंथ परका राहिला नाही, त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

निळीपहाट

वाचतेय, आणि एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. पाणमळा, हे तुम्हाला उद्देशून नाही.

करुणा ठेवा, क्षमा करा, मन मोठं करा, हे आमच्या आजी-आजोबांना पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं. सांगणारे कोण होते ते आपण सगळे जाणतो. ज्याचा बांध कोरला जातो त्यालाच मैत्रीचा उपदेश होतो, कोरणाऱ्याच्या घरी सुत्त घेऊन कुणी जात नाही. म्हणून "बुद्धिस्ट दृष्टिकोनातून सहन कसं करावं" असं कुणी म्हणालं की माझ्या अंगावर काटा येतो.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी जो धम्म दिला त्यात सोसण्याचा उपदेश मला दिसत नाही. बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि त्याच बावीसांत विषमतेला पाया देणारा धर्म सोडल्याचीही प्रतिज्ञा आहे. दोन्ही एका दमात घेतल्या गेल्या. बाबासाहेब तर म्हणतात की करुणा पुरेशी नाही, मैत्री हवी. करुणा माणसांपुरती, मैत्री सगळ्या जिवांसाठी. म्हणजे त्यांनी अपेक्षा कमी केली नाही, वाढवलीच.

आणि महाड बघा. २० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक परतले. हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि मांडवात जेवायला बसलेल्यांवर लाठ्या चालल्या. आपली माणसं संख्येनं कमी नव्हती, त्यांत लष्करात नोकरी केलेले होते, उलट मारायची ताकद होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. पण आवरून ते घरी बसले नाहीत. तळ्याचा दावा दहा वर्षं लढले, १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला. तेव्हा ते बौद्ध नव्हते हे मला माहीत आहे. तरी हात न उचलणं आणि हक्क न सोडणं एकाच माणसात कसं राहतं, हे मला कुठल्याही सुत्ताआधी तिथं दिसतं.

तेव्हा पाणमळा, मोजणी जरूर आणा.

पाणमळा

निळीपहाटताई, मनापासून आभार. "सांगणारे कोण" हा मुद्दा मी माझ्याही घरात लावून बघतो आहे. आई "सोडून द्या" म्हणते, कारण तिला आयुष्यभर सोडून द्यायलाच लावलंय. माहेरच्या जमिनीवरचा हक्कसोड लेखसुद्धा तिच्याकडून असाच, मोठं मन कर म्हणून, करून घेतला होता. आता तिचं म्हणणं मला वेगळं ऐकू येतंय.

पालीवाचक, ग्रुप म्यूट केला आहे.

खोडवा

मला सुत्तातलं फार कळत नाही, ऊस करतो. पण मोजणीचं सांगू शकतो, दोनदा यातून गेलोय.

उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, आता ऑनलाइनही होतो. अर्जात लगतच्या खातेदारांची नावं द्यावी लागतात, त्यांना नोटीस जाते. हीच जागा नाजूक असते. नोटीस पोस्टानं दारात पडली की माणूस भडकतो, कारण चारचौघांत अब्रू गेली असं त्याला वाटतं. त्याआधी तुम्ही स्वतः जा. धाकट्याला पाठवू नका, दोघं समवयस्क असतील तर शब्दानं शब्द वाढतो. "दादा, मोजणी टाकतोय, तुझ्याही हद्दीच्या खुणा पक्क्या होतील, त्या दिवशी तू हजर राहा, जे निघेल ते मला मान्य आहे" एवढंच बोला. जुना हिशेब काढू नका. आणि "जे निघेल ते मान्य" हे खरंच मनात असू द्या. आमच्याकडे एकदा आमचंच अतिक्रमण अर्धा गुंठा निघालं होतं.

भूकरमापक येईल तेव्हा पीक उभं नसावं. खुणा दाखवल्या की त्याच दिवशी दोघांच्या समक्ष दगड रोवून घ्या. उद्यावर ठेवलं की खुंट्या हलतात. नंतर क प्रत (मोजणीचा नकाशा) मिळते ती जपून ठेवा. त्याला मोजणी पटली नाही तर तो निमताना मोजणी (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी) मागू शकतो, मागू द्या. तो त्याचा हक्क आहे.

माझ्या अनुभवानं दगड रोवल्यावर भांडण निम्म्यानं कमी होतं. रोज सकाळी नजर बांधावर जायची ती थांबते, त्याचीही आणि आपलीही.

अत्तदीप

खोडवादादा, तुमच्या प्रतिसादाला जोड म्हणून रोहिणी नदीची गोष्ट सांगतो, कारण ती भाऊबंदकीचीच आहे.

शाक्य आणि कोलिय एकमेकांचे सोयरे. मधून रोहिणी वाहते. एकच बंधारा बांधून दोन्हीकडची शेतं भिजायची. अट्ठकथेत (सुत्तांवरच्या जुन्या पाली भाष्यात) येतं की जेठ महिन्यात पिकं सुकायला लागली, पाणी एकाच बाजूला पुरेल एवढं उरलं, दोन्हीकडचे शेतमजूर भांडायला लागले. आधी हातघाई झाली, मग एकमेकांच्या कुळांचा उद्धार, आणि शेवटी दोन्ही बाजूंचे क्षत्रिय शस्त्रं घेऊन नदीवर उभे. भगवंत मध्ये गेले आणि विचारलं, पाण्याचं मोल किती? थोडं. आणि क्षत्रियांचं? अमोल. मग थोडक्यासाठी अमोल का घालवता?

याच रोहिणीच्या वादाला बाबासाहेबांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण म्हणून आणलंय. शाक्यांच्या संघानं युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थानं विरोध केला, आणि मग परिव्रज्या पत्करली. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून घर सोडलं ही कथा त्यांना पटत नव्हती. धर्मानंद कोसंबींनीही सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्ताच्या आधारानं असंच मांडलं होतं. त्या सुत्तात ओळ आहे: फन्दमानं पजं दिस्वा, मच्छे अप्पोदके यथा. आटत्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांवर उठलेली माणसं पाहिली आणि मला भीती वाटली.

मराठवाड्यातल्या माझ्यासारख्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. टँकरच्या रांगेत कळशीवरून एरवी सभ्य असलेल्या बायका काय बोलतात ते मी पाहिलंय. त्या वाईट नसतात, पाणी कमी असतं. त्रासदायक माणूस दिसला की आधी मी हे बघतो, याच्या भोवतीचं पाणी किती आटलंय? पाणमळा, तुमच्या दादाकडे किती एकर आहे, मुलं किती, कर्ज किती? हे माहीत झालं तर मैत्रीला काही आधार मिळेल. बांध तरीही मोजायचाच.

पाणमळा

दीड एकर, तीन मुलगे, एकाचंही लग्न जमत नाही. सोसायटीचं कर्ज थकलंय. हे सगळं मला माहीत होतं, पण बांधाच्या शेजारी ठेवून कधी पाहिलं नव्हतं.

पालीवाचक

इथं एक धोका आहे तो सांगून ठेवतो. विसुद्धिमग्गात मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार ब्रह्मविहारांतल्या प्रत्येकाचे दोन शत्रू दिलेत, एक दूरचा, एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रूरता, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे संसारी दुःख, म्हणजे दुसऱ्याचं ऐकून स्वतःच खचून जाणं. तो करुणेसारखाच दिसतो म्हणून घरात शिरतो. दादाची अडचण कळल्यावर पाणमळा जर आता मोजणीच नको म्हणाले, तर मला हा जवळचा शत्रू वाटेल. उपेक्षेचाही असाच एक जवळचा शत्रू आहे, अजाणतेपणी आलेली बेफिकिरी.

मज्झिम निकायात अभय राजकुमाराशी झालेला संवाद आठवतो. त्याच्या मांडीवर तान्हं मूल होतं. भगवंतांनी विचारलं, या मुलाच्या तोंडात काटकी किंवा खडा गेला तर काय करशील? अभय म्हणाला, डाव्या हातानं डोकं धरीन, उजव्या हाताचं बोट वाकडं करून काढीन, रक्त आलं तरी काढीन. का? कारण मला त्याची अनुकंपा आहे. त्यावर भगवंत सांगतात की खरं आणि हिताचं असेल तर अप्रिय बोलणंही तथागत बोलतात, फक्त त्याची वेळ ओळखून.

रानजाई

बोलायचं थांबवणं हा उपाय कसा वाटतो? आमच्या घरी एका नातेवाईकाशी आम्ही तिघी बहिणींनी बोलणं बंद केलंय. समोर आला की मान वळवायची नाही, पण विषय वाढवायचा नाही. त्यानं बरंच शांत वाटतं, तरी मनात येतं की आपण त्याला वाळीत टाकलं का?

अत्तदीप

रानजाईताई, याला विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, दोन उदाहरणं आहेत आणि दोन्ही कोसंबी नगरातलीच.

एकदा कोसंबीच्या भिक्खूंमध्ये अगदी क्षुल्लक कारणावरून फूट पडली. अट्ठकथेप्रमाणे शौचकूपातल्या भांड्यात पाणी शिल्लक ठेवलं, हे ते कारण. भगवंतांनी समजावलं. दीघावु कुमाराची गोष्ट सांगितली, ज्यानं आईबापांना मारणारा राजा मांडीवर झोपलेला असताना तीनदा तलवार उपसली आणि तीनदा म्यान केली. तरी भिक्खू ऐकेनात. उलट म्हणाले, भन्ते, आपण स्वस्थ राहा, आमचं आम्ही बघून घेऊ. मग भगवंत कुणालाही न सांगता, पात्र-चीवर घेऊन एकटेच निघून गेले आणि पारिलेय्यकाच्या वनात राहिले. खुद्द बुद्धही उठून जातात, हे मला फार दिलासा देणारं वाटतं. पुढे कोसंबीच्या उपासकांनी त्या भिक्खूंना वंदन आणि भिक्षा द्यायचं बंद केलं, तेव्हा ते सावत्थीला भगवंतांकडे गेले आणि समेट झाला.

दुसरं छन्नाचं. सिद्धार्थाचा सारथी, पुढे भिक्खू झाला, पण "बुद्ध माझे, धम्म माझा" या ताठ्यात कुणाचं ऐकेना. परिनिर्वाणाआधी भगवंतांनी आनंदांना सांगितलं, छन्नाला ब्रह्मदंड द्या. ब्रह्मदंड म्हणजे काय? छन्नानं हवं ते बोलावं, भिक्खूंनी त्याच्याशी बोलू नये, त्याला उपदेश करू नये. बस एवढंच. ते ऐकून छन्न मूर्च्छित पडला. मग एकांतात राहून साधना केली, अर्हत (पूर्ण मुक्त) झाला, आणि आनंदांकडे येऊन म्हणाला, आता दंड मागे घ्या. आनंद म्हणाले, ज्या क्षणी तू अर्हत झालास त्याच क्षणी तो उतरला.

निळीपहाट

हे मात्र जपून. वाळीत टाकणं काय असतं ते महाराष्ट्राला नवीन नाही. जातपंचायतींनी माणसं वाळीत टाकली, पाणी तोडलं, मयताला खांदा मिळू दिला नाही, म्हणून तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. आमच्या लोकांनी महाडनंतर गावोगाव बहिष्कार सोसलेत.

छन्नाच्या गोष्टीत फरक दिसतो तो असा. त्याची भिक्षा तोडली नाही, निवारा काढला नाही, त्याचं तोंड बंद केलं नाही. दुसऱ्यांनी त्याच्याशी बोलू नये म्हणून गावभर धमक्या दिल्या नाहीत. संघानं फक्त आपलं बोलणं आवरलं, आणि परतीची वाट त्याच्या हातात ठेवली. रानजाईताई, तुम्ही तिघी स्वतःपुरतं करताय तोवर मला त्यात वावगं दिसत नाही. "त्याच्या मुलीच्या लग्नाला कुणी जाऊ नका" असं ज्या दिवशी नातेवाइकांना सांगाल, त्या दिवशी ते वेगळं होईल.

रानजाई

लग्नाला आम्ही जाणार आहोत. धन्यवाद ताई.

सोपारालोकल

नालासोपाऱ्यात राहतो, म्हणून पुण्णाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुण्ण हा बुद्धांचा एक भिक्खू, सूनापरान्त नावाच्या मुलखातला, आणि परंपरेनं त्याचा संबंध आमच्या सोपाऱ्याशी, म्हणजे शूर्पारकाशी जोडलेला आहे. इथल्या बुरुड राजाच्या कोटात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला.

पुण्ण परत आपल्या मुलखात जायला निघतो. भगवंत विचारतात, तिथले लोक तापट आहेत, शिव्या दिल्या तर? तो म्हणतो, हातानं मारलं नाही, चांगलेच आहेत म्हणेन. हातानं मारलं तर? ढेकळानं नाही मारलं. मग ढेकूळ, मग काठी, मग शस्त्र. जीव घेतला तर? तो म्हणतो, काही जण देहाला विटून शस्त्र शोधत हिंडतात, मला ते न शोधता मिळालं असं म्हणेन. भगवंत साधु साधु म्हणतात आणि त्याला जाऊ देतात. त्याच वर्षावासात (भिक्खू एका जागी राहतात त्या पावसाळ्यात) त्यानं पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका घडवल्या. लोकलच्या दारात कुणी कोपरानं ढोसलं की मी पुण्णाची ही पायरी मनात मोजतो.

रात्रपाळी

सोपारालोकल, गोष्ट सुंदर आहे, पण तिच्याबद्दल मला एक सांगायचंय. आमच्या अपघात विभागात येणाऱ्या बायका हेच बोलतात. "हातानंच मारलं, पट्ट्यानं नाही." "चांगले आहेत हो, दारू प्यायले की तेवढं." हुबेहूब पुण्णाची पायरी. ऐकताना पोटात खड्डा पडतो.

पालीवाचक

रात्रपाळी, फार महत्त्वाचं बोललात. पुण्णाचं उत्तर पुण्णाचं आहे. तो घर सोडलेला भिक्खू, कुणावर अवलंबून नाही, कुठं जायचं ते त्यानं स्वतः ठरवलं, नको वाटलं तर उठून दुसऱ्या मुलखात जायला मोकळा. शिवाय ती भगवंतांनी त्याच्या तयारीची घेतलेली परीक्षा होती. मार खाणाऱ्या दुसऱ्या कुणाला हे सुत्त ऐकवण्याचा अधिकार त्यातून आपल्याला मिळत नाही. मार खाणाऱ्या बाईला आधी सुरक्षित जागा हवी. मैत्री भावना ती करील तर पुढे कधीतरी, आणि विसुद्धिमग्गाच्या क्रमानंही तिची सुरुवात स्वतःपासूनच व्हायची.

सोपारालोकल

हे डोक्यात आलं नव्हतं. लोकलमधलं कोपर आणि हे, दोन्ही एका मापात बसत नाहीत, बरोबर आहे. रात्रपाळीताई, अशा वेळी तुम्ही त्यांना नेमकं काय सांगता?

रात्रपाळी

नवऱ्याला बाहेर थांबवून एकटीशी बोलते. "तुमची चूक नाही" हे आधी. मग जखमांची नोंद नीट करून घ्यायला सांगते, पुढे तीच कामाला येते. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक पाठ करून घेते, कागदावर लिहून देत नाही, घरी सापडला तर पुन्हा मार बसतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, त्याच्याकडे तक्रार करता येते, त्यासाठी घटस्फोटच घ्यावा लागतो असं नाही, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. काही जणी त्याच रात्री परत घरी जातात. त्यांच्यावर चिडायचं नाही, पुढच्या वेळी आली तर ती माझ्याकडेच यावी एवढं बघायचं.

खोडवा

पाणमळा, मोजणीचा अर्ज ऊस तुटल्यावरच टाका, आणि दादाकडे संध्याकाळी जा, सकाळी धारेच्या घाईत नको.